निम्मा पत्ता

उदगीरला आमच्या घराला दार एकच. आत शिरलं की बोळ लागतो, डावीकडे थोरल्या अण्णाच्या खोल्या, उजवीकडे माझ्या. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवरून आमचं वाजलं आणि आम्ही दोघं भाऊ सात वर्षं एकमेकांशी बोललो नाही. नगरपालिकेनं मात्र घर नंबर एकच ठेवला. काही निरोप असला की माझी लेक बोळ ओलांडायची. तिला दोन्हीकडे जेवायला मिळायचं, त्यामुळे या भांडणात फायदा झालेली ती एकटीच.

तिचं लग्न ठरलं आणि मी पेचात पडलो. आमच्याकडे पत्रिका बाहेरच्यांना देतात. घरातल्या माणसाच्या हातात पत्रिका ठेवली तर तो जन्मभर ऐकवतो. अण्णाला दिली तर तो परका ठरणार, नाही दिली तर बोलावलंच नाही असं होणार. ज्यानं तिला सायकल शिकवली तो माणूस मांडवात नसला तर मला ते सोसणार नव्हतं. पण आपल्या तोंडानं बोलवायला जायचं, तर माझंही नाक काही लहान नाही. शेवटी त्याच्या नावाची एक पत्रिका लिहून कपाटात ठेवली आणि गप्प बसलो.

पत्रिका वाटून होतात न होतात तोच अण्णाची नोटीस आली. टपालानं, पोहोच पावतीसह, पंधरा पावलांवरून. टपालवाला आला तेव्हा ओट्यावर अण्णाच बसलेला. घरातला मोठा माणूस म्हणून त्यानंच सही केली, स्वतःची नोटीस स्वतःच घेतली आणि लेकीच्या हाती माझ्याकडे पाठवली. मोबाइलवर कुठंतरी वाचून त्यानं लिहिलं होतं की पत्ता ही वैयक्तिक माहिती असते, त्यात तो निम्म्याचा धनी आहे, आणि त्याची संमती न घेता मी ती जळकोटपासून धर्माबादपर्यंत वाटली. सबब त्याचा निम्मा पत्ता पत्रिकेतून काढून टाकावा.

माझं डोकंच फिरलं. निम्मा म्हणजे कुठला? गल्ली त्याची आणि पिनकोड माझा? तिरीमिरीत लातूर गाठलं, ओळखीच्या वकिलांकडे. त्यांनी चष्मा पुसत शांतपणे सांगितलं की पत्ता दोघांचा असला तरी तो दोघांचीही वैयक्तिक माहिती असतो. मी हबकलो. मग म्हणाले, घरगुती कामासाठी वापरला तर मात्र वैयक्तिक माहितीचा कायदा लागू होत नाही, आणि लेकीच्या लग्नाहून घरगुती दुसरं काय असतं.

"पण तुमचे अण्णा घरातले का बाहेरचे?" त्यांनी विचारलं. "सगळं त्याच्यावर हाय."

सात वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी उठलो आणि उदगीरची एसटी धरली.

घरी येऊन उत्तर लिहिलं, अगदी सरकारी थाटात. आपण या घरातले आहात की बाहेरचे, ते लेखी कळवावे. बाहेरचे असाल तर पत्त्यावर काळी पट्टी चिकटवतो आणि आपणास रीतसर पत्रिका देतो. घरातले असाल तर कायदाही नाही आणि पत्रिकाही नाही.

लेकीनं कागद वाचला.

"पप्पा, मी गेल्यावर हे कागद कोण नेणार?"

एवढंच बोलून ती बोळ ओलांडून गेली. मला माझीच लाज वाटली, पण कागद परत मागवला नाही.

तीन दिवस पलीकडून काही हालचाल नाही. बोळातून जाताना मी मान वळवायचो नाही, कान मात्र तिकडेच असायचे. चौथ्या दिवशी लेक कागद घेऊन आली. माझ्याच कागदाच्या पाठीमागं अण्णानं एक ओळ लिहिली होती, खाली सही आणि पूर्ण पत्ता, घर नंबरापासून पिनकोडापर्यंत.

"मला पत्रिका पाठवू नये."

मला उभ्या जागी रडू आलं. लेक घाबरली, मोठे पप्पा नको म्हणतात का, असं विचारू लागली.

"येडे, येणार हाय त्यो," मी म्हणालो.

मग कपाटातली पत्रिका काढली. कोरी एकही उरली नव्हती, म्हणून तिच्यावरचं अण्णाचं नाव खोडलं आणि वकिलांचं लिहिलं.