मेडनहेडमधली पणजी

बाबा इंग्लंडला, स्लाऊला आमच्याकडे राहायला आले तेव्हा पितृपक्ष तोंडावर आला होता. मुलगी परदेशात असली म्हणून देव-पितर सुटत नाहीत, हे त्यांनी विमानतळावरच ऐकवलं. त्यांना एकच गोष्ट हवी होती. त्यांच्या आजीचं श्राद्ध, ती जिथे गेली त्या देशात, एकदा तरी करायचं.

ही आजी, म्हणजे माझी पणजी, पुण्यात कॅम्पातल्या एका साहेबाकडे आया होती. साहेबाचं कुटुंब मायदेशी निघालं तेव्हा बोटीवर बाळाला सांभाळायला तिला घेऊन गेलं. नवरा आणि रांगता मुलगा मागे राहिले. ती परतली नाही, तिची काही खबरही आली नाही. बारा वर्षं वाट पाहून घरच्यांनी दर्भाची बाहुली केली आणि तिलाच अग्नी दिला. देणारा तो मुलगाच, माझे आजोबा. नवऱ्याच्या आधी गेली असं धरलं, म्हणून दर वर्षी अविधवा नवमीला तिचं श्राद्ध होई आणि तिच्या नावानं एका सवाष्णीला जेवण, हिरवा खण, बांगड्या.

इथली जुनी जनगणना, घराघरातल्या माणसांच्या नावांसकट, शंभर वर्षांनी लोकांना बघायला खुली होते. एकोणीसशे एकची नुकतीच इंटरनेटवर आली होती. साहेबाचं आडनाव आजोबांनी बाबांकडून पाठ करून घेतलं होतं. खरं सांगायचं तर काही सापडू नये असंच मला वाटत होतं. मेलेल्यांना उकरून काढायची मला हौस नाही. पण बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले होते.

आमच्या जवळच्याच मेडनहेड गावातलं एक घर निघालं. साहेब, मेमसाहेब, मुलं, स्वयंपाकीण आणि सगळ्यांत शेवटी ती.

"बाबा, हे बघा. एज मॅच होतंय, बर्थप्लेस रत्नागिरी. नावही तेच आहे."

बाबांनी साल विचारलं आणि बोटांवर हिशेब केला. "आदल्याच वर्षी जाळली की गं आम्ही तिला," ते म्हणाले. 'आम्ही' म्हणाले, तेव्हा त्यांचा जन्मही झाला नव्हता.

इथे ती कुणाच्या तरी मुलींच्या वेण्या घालत असणार, आणि तिकडे तिचा मुलगा तिला पिंड देत होता. पुढच्या रकान्यात तिला विधवा लिहिलं होतं. नवरा तर पुण्यात धडधाकट होता, दुसरी बायको करून. हे तिनं सांगितलं की साहेबानं न विचारताच लिहिलं, देव जाणे. मला साहेबाचा राग आला, मग पणजोबांचाही आला.

नवमीला मी खीर-वडे केले, ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंना सवाष्ण म्हणून बोलावलं. बाबा अंघोळ करून आले, पण दर्भाला हात लावेनात.

"अहो बाबा, त्या येऊन बसल्यात."

"त्यांना जेवायला वाढ. पण मी हे कुणाचं करू? ती मेली असं तुला कुणी सांगितलं?"

बाबा गेल्याला आता काही वर्षं झाली. त्यांचं श्राद्ध भाऊ करतो. त्यांच्या आजीचं मात्र करू नका, असं ते बजावून गेले. पुढची जनगणना खुली झाली तेव्हा मी पुन्हा शोधलं. मेडनहेडमध्ये नाही, कुठेच नाही. मृत्यूच्या नोंदींतही नाही. म्हणून आमच्या घरात ती अजून जिवंत आहे, इथेच, परक्यांच्या घरात, आणि तिला आणायला कुणी गेलेलं नाही.