धनेशाचे एकशे एक्कावन्न

कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आमच्या टाउनहाउसच्या रांगेत, आमच्यापासून तिसऱ्या दारी, एका वर्षी एक काका मुलीकडे राहायला आले. व्हिसा सहा महिन्यांचा. सामानात मेतकूट, दोन किलो भाजणी आणि एक जाडजूड अल्बम. विमानतळावरच्या माणसाने भाजणी हुंगून सोडून दिली. अल्बमकडे बोट दाखवून त्याने विचारलं, यात काय आहे? काका खरं ते बोलले : "मॅचबॉक्सेस." पुढची वीस मिनिटं सामानाची झडती चालली.

अल्बममध्ये काडेपेट्या नव्हत्या, त्यांच्यावरचे छाप होते. लहानपणापासून जमवलेले, पाण्यात भिजवून अलगद सोडवलेले, हजाराच्या आसपास. प्रत्येक छापाखाली तो कसा मिळाला ते बारीक अक्षरात लिहिलेलं असे. "पानवाल्याकडून फुकट." "मामाच्या खिशातून." "तीन हत्ती देऊन." एका पानावर बारा पक्ष्यांची मालिका होती. अकरा पक्षी जागेवर होते. बाराव्या चौकटीत पेन्सिलीने लिहिलं होतं : "धनेश. गेला. दोन वाघांना."

साठ वर्षांपूर्वी वर्गातल्या एका मुलाने दोन वाघ दाखवले आणि काकांनी धनेश देऊन टाकला. वाघ पुढे प्रत्येक पानपट्टीवर सापडले. धनेश पुन्हा दिसला नाही.

"फसवलं त्याने तुम्हाला," मी म्हणाले.

"छे. भाव दोघांनी मिळून ठरवला होता. अन्याय नव्हता तो. गाढवपणा होता, आणि तो माझा."

मी पुण्यात एका दैनिकात वार्ताहर होते. इथे नवऱ्याच्या व्हिसावर होते आणि नोकरी करायला परवानगी नव्हती, त्यामुळे दुपारी काकांशी गप्पा मारायला मला वेळ होता. नातीने त्यांना माउस धरायला शिकवलं होतं. नात शाळेत गेली की ते लिलावाची साइट उघडून बसत, निवृत्त माणसं शेअरचे भाव बघतात तसे. भाव बघून रोज चिडत.

"एक छाप, ऐंशी डॉलर! आम्ही हे गटारातून उचललेत."

"मग विका की तुमचे, काका."

"छंद आहे हा. दुकान नाही."

त्यांचं म्हणणं सरळ होतं. ज्याला आवड आहे त्याला वस्तू मिळावी, ज्याच्याकडे पैसा आहे त्याला नव्हे. असल्या भावाने घेणारा तो लुटारूंचा साथीदार, आणि असल्या भावाची वस्तू आपण फुकटसुद्धा घेणार नाही. हे ते रोज सांगत, त्यामुळे रांगेतल्या सगळ्या मराठी घरांना पाठ होतं.

परत जायला तीन आठवडे उरले असताना धनेश लिलावात आला. विकणारी ऑरेगनमधली एक बाई होती. तिने वर्णनात लिहिलं होतं, "मोठ्या चोचीचा भारतीय पक्षी." बोली एक डॉलरपासून. काकांनी मला प्रिंटआउट आणून दाखवला.

"बोली लावलीत?"

"बघतोय नुसता," काका म्हणाले.

मी त्यावर विश्वास ठेवला. दुसरीकडून खात्री करून घ्यायची, हे वार्ताहराला पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी ती केली नाही. काकांनी मुलीच्या खात्यावरून पंचवीस डॉलरची बोली आधीच लावलेली होती. संग्राहक आपली बोली कुणाला सांगत नाही, शेजारणीलाही नाही.

त्या साइटची पद्धत अशी होती : तुम्ही जास्तीत जास्त किती द्याल ते गुपचूप सांगून ठेवायचं. साइट तुमच्या वतीने समोरच्याच्या फक्त एक डॉलर वर जात राहते. दोघांची रक्कम नेमकी सारखी निघाली तर आधी सांगणारा जिंकतो. त्या वेळी भाव एकोणीस डॉलर होता. कुणी अनोळखी माणूस अठरावर थांबला होता. काकांना जाताना भेट द्यावी, म्हणून मी एक्कावन्न डॉलर सांगून ठेवले. भेटीची रक्कम, म्हणून वर एक.

संध्याकाळी काका आमच्या दारात उभे.

"कुणीतरी गाढव आलं. सव्वीस! माझा पक्षी माझ्या हातातून नेला."

"तुमचा? तुम्ही तर नुसते बघत होतात."

"एकोणीसला मिळत होता मला, एकोणीसला! आता मी नाही वाढवणार. लुटू देत त्यांना एकमेकांना."

ते गाढव त्यांना चहा विचारत होतं. खरं सांगायची ती वेळ होती, ती मी घालवली. जिंकून देऊन टाकू, मग सांगू, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी माझ्या वर गेलं. मी एकशे एक केले. तेही पुरले नाहीत, भाव एकशे दोनवर गेला. नवरा म्हणाला, "तेवढ्यात खरा पक्षी येईल, पिंजऱ्यासकट."

लिलाव रविवारी सकाळी अकरा चाळीसला संपणार होता आणि त्याच सकाळी काकांच्या मुलीकडे सत्यनारायण होता. जावई रेशमी कद नेसून पाटावर बसलेला. तिसरा अध्याय सुरू झाला तेव्हा मी दूध गॅसवर राहिल्याचं सांगून उठले. घरी येऊन एकशे एक्कावन्न टाकले. उत्तर लगेच आलं. भाव एकशे एक्कावन्न झाला होता, पण आघाडीवर मी नव्हते. आणखी कुणीतरी नेमके तेवढेच आधी सांगून ठेवले होते.

दोन मिनिटं उरली होती. एकशे बावन्न टाकता आले असते. मी स्क्रीनकडे बघत राहिले. काडेपेटीच्या छापाला दीडशे डॉलर देणारी माणसं अमेरिकेत असतील, पण दीडशेवर एक डॉलर ठेवणारा माणूस पाकिटावर कुंकवाचं बोट लावणाऱ्या घरातलाच असणार. आणि काकांसाठी एवढं मोजणारं तसं घर रांगेत एकच होतं. खिडकी बंद करून मी प्रसादाला परत गेले.

आरती झाल्यावर काका वर जाऊन निकाल बघून आले.

"एकशे एक्कावन्न! आपल्यातलाच कुणीतरी आहे हा. एक ठेवलाय बघा वर! एवढा पैसा उतू चाललाय म्हणजे न्यू जर्सीत असणार. आयसेलिनला दागिन्यांचं दुकान असेल त्याचं."

आलेल्यांपैकी एकजण म्हणाला, "काका, त्यात अनफेअर काय? कुणी पिस्तूल लावलं नव्हतं. घेणारा आहे म्हणून किंमत आहे."

"घेणारा मीही होतो! पंचवीसपर्यंत होतो. माझी साठ वर्षं त्यात कुठे धरली कुणी?"

शिरा फिरत राहिला. जावई कद सावरत स्वयंपाकघरात गेला. मी मागोमाग गेले.

"आकड्यावर एक कुणी शिकवलं तुम्हाला?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बाहेरच्या खोलीकडे.

"वहिनी, तुम्ही? अरे यार! मला वाटलं कुणी डीलर आहे. शुक्रवारी ऑफिसातून दीडशेवर एक टाकून मोकळा झालो."

"आणि आता देणार कसा?"

"तेच तर. बाबा घेणार नाहीत. एक तर जावयाकडून, त्यात या भावाने. सकाळपासून चार वेळा मला गाढव म्हणालेत, तेही मी पूजेला बसलेला असताना."

धनेश मिळाला होता आणि काकांपर्यंत पोचवता येत नव्हता. पाकीट आलं की लपवायचं, आणि काका गेल्यावर पुण्याला पोस्टाने निनावी पाठवायचं, असं आमचं ठरलं. त्यात एक गोष्ट आम्ही धरली नाही. आमच्या वसाहतीची टपाल पेटी कोपऱ्यावर होती आणि रोजचं टपाल आणणं हे काम काकांनी पहिल्या आठवड्यापासून स्वतःकडे घेतलेलं होतं.

पुढच्या शुक्रवारी जावयाचा फोन आला. "वहिनी, या लगेच. मी एकटा मरणार नाही."

टेबलावर पाकीट होतं, न उघडलेलं. वर जावयाचं नाव, कोपऱ्यात ऑरेगनचा पत्ता, आणि मोठ्या अक्षरात "दुमडू नये." काका समोर बसले होते. दुसऱ्याचं टपाल ते फोडत नसत.

"जावईबापू, उघडा."

आत पुठ्ठ्यांमध्ये धनेश होता. पिवळी चोच, लाल पार्श्वभूमी, एका कोपऱ्यात किंचित फाटलेला. सोबत बाईची चिठ्ठी. वडिलांच्या खोलीतली वही आवरताना तिला हा कागद सापडला होता. डॉलरभर मिळाला तरी पुष्कळ, असं तिला वाटलं होतं. शेवटी तिने विचारलं होतं : हा पक्षी कोणता, आणि याला एवढी किंमत का?

नातीने चिठ्ठी मोठ्याने वाचली आणि म्हणाली, "आजोबा, शी डझन्ट सीम लाइक अ रॉबर."

मग मी बोलले. पहिल्यापासून, क्रमाने सांगितलं : त्यांचे पंचवीस, माझे एक्कावन्न, जावयाचे एकशे एक्कावन्न, माझे एकशे एक, आणि शेवटची बरोबरी. बातमी सांगतात तसं, स्वतःला वगळता.

"म्हणजे तुम्ही दोघं नसतात, तर मला एकोणीसला मिळाला असता."

"हो."

"आणि पंचवीसच्या वर तिसरा कुणी नव्हताच? डीलर, आयसेलिनवाला?"

"नाही, बाबा," जावई म्हणाला. "घ्या ना. नाहीतर मी काय करू याचं? मला तर काड्यासुद्धा लागत नाहीत, आमचा गॅस बटणावर पेटतो."

काका छापाकडे बघत होते. हात न लावता, चष्मा काढून, अगदी जवळून. मग त्यांनी नातीला अल्बम आणायला सांगितलं. सोबत पेन, पेन्सिल नको.

त्यांनी बाराव्या चौकटीत धनेश ठेवला, चारी कडा बरोबर आहेत का ते बघितलं आणि खाली लिहू लागले. लिहून झाल्यावर अल्बम आमच्याकडे वळवला.

"धनेश. परत आला. किंमत १९ डॉलर. गाढवपणा १३२."

"बाबा, गाढवपणा कुणाचा, ते नाही लिहिलंत," जावई म्हणाला.

"दोघांत वाटून घ्या," काका म्हणाले. "आणि तेवढं त्या बाईला कळवा. पक्ष्याचं नाव मी सांगतो. किंमत एवढी का, ते तुम्ही लिहा."