विहीणबाईंची दुरुस्ती

देवाने माणसांना संकोच वाटून दिला त्या दिवशी माझी विहीण नक्कीच घरी नसणार. पनवेलहून उरणकडे जाताना लागणाऱ्या त्यांच्या गावात कुणाच्या तरी ओटीवर बसून त्या कुणाच्या तरी सुनेला खणखणीत आवाजात सल्ला देत असणार, आणि त्यांच्या वाट्याचा सगळा संकोच माझ्या पदरात पडला असणार. मी उभा जन्म शाळेच्या ग्रंथालयात ‘हळू बोला’ म्हणण्यात घालवलेली बाई. लेकीने लग्न जमवलं ते नेमकं या घरात. साखरपुड्याला आम्ही दोघी पहिल्यांदा समोरासमोर आलो, तेव्हा विहीणबाईंनी माझा दंड धरून चाचपला आणि भरल्या मांडवात विचारलं, “विहीणबाई, तुमी घरात जेवता का नुसतं वाढता?” मांडव हसला. मला हसायला संध्याकाळ व्हावी लागली.

त्यांच्या वडिलांचं मिठागर होतं. लहानपणापासून या बांधावरून त्या बांधावर हाका मारायची सवय. पुढे मिठागरं गेली, तिथे कंटेनरचे डेपो आले, पण आवाज तेवढाच राहिला. आमच्या सोसायटीत त्या कधी बेल वाजवत नाहीत. फाटकातूनच हाक येते, आणि मी दार उघडेपर्यंत चारही मजल्यांना कळलेलं असतं की वालाच्या शेंगा आल्या आहेत आणि त्या आजच संपवायच्या आहेत. मोबाईल त्या कानाला लावत नाहीत. तळहातावर ताटलीसारखा धरून, स्पीकर चालू करून त्याच्याशी भांडल्यासारखं बोलतात. मी मासे खात नाही याचं त्यांना अतोनात दुःख आहे, पण माझ्यासाठी त्यांनी एक वेगळं पातेलं विकत आणून ठेवलं. “हे तुमचं. ह्याला मासळीचा वाससुद्धा दाखवला नाय,” असं त्या दर वेळी सांगतात. त्या पातेल्याला त्यांची स्वतःची सूनही, म्हणजे माझी लेक, हात लावू शकत नाही.

एके सकाळी त्यांचा फोन आला. आवाज नेहमीचाच, त्यामुळे मी बेसावध होते. “विहीणबाई, उद्या मोकळ्या हाय ना? डाक्टरकडं जायचंय. छातीला गाठ लागतेय.”

“घरात सांगितलंत?” मी विचारलं.

“आमच्या घरात सगळी पयली रडतात, मग इचारतात काय झालं. तुमी रडत नाय. तुमी चला.”

मी गेले. तपासण्या झाल्या, आणि कॅन्सर निघाला. आधी औषधांचे डोस, मग ऑपरेशन, असं ठरलं. केस गेले, तेव्हा विहीणबाईंनी डोक्याला रुमाल बांधला आणि त्या रुमालालाच टाचणीने गजरा अडकवला. हॉस्पिटलात सगळ्या जणी वळून बघायच्या आणि यांना वाटायचं, गजरा चांगला दिसतोय. ऑपरेशनच्या आधी प्लास्टिक सर्जन भेटली. तरुण, अगदी हळू बोलणारी डॉक्टरीण. माझ्या ग्रंथालयात शोभली असती. तिने कागदावर चित्र काढून समजावलं की डावा स्तन पूर्ण काढावा लागेल, पण त्याच वेळी पोटाची कातडी आणि चरबी घेऊन तिथे नवा तयार करता येईल. विहीणबाईंनी ते चित्र उलटसुलट पाहिलं. “म्हंजे पोट जाणार आणि छाती येणार? घ्या की हवं तेवढं. उरलंच तर आमच्या विहीणबाईंना लावा.” डॉक्टरीण पहिल्यांदाच मोठ्याने हसली. मी छताच्या पंख्याकडे बघत राहिले.

ऑपरेशन लांबलं, पण नीट पार पडलं. पोट आवळून शिवल्यामुळे कित्येक दिवस त्यांना ताठ उभं राहता येत नव्हतं. कमरेत वाकून, जपून पावलं टाकत त्या वॉर्डातून फिरायच्या आणि भेटेल त्याला सांगायच्या, “भात लावायला निघालेय.” घरी सोडलं तेव्हा जखमेतलं पाणी बाहेर यायला लावलेल्या नळ्या अजून अंगातच होत्या, टोकाला छोट्या बाटल्या. घरी स्वस्थ पडून राहायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण शेजारी पुतण्याची हळद. विहीणबाईंनी दोन्ही बाटल्या मखमली बटव्यात घातल्या, बटवा खांद्याला लावला आणि वाकूनच मांडवात जाऊन बसल्या. धवलारीण लग्नाची गाणी म्हणत होती. तिच्या एक-दोन ओळी चुकल्या असं यांचं म्हणणं पडलं, म्हणून मग यांनीही गायला सुरुवात केली. शेजारच्या बाईने कौतुकाने विचारलं, “बटवा छान हाय, काय ठेवलंय?” यांनी उघडून दाखवलं. ती बाई त्या दिवशी जेवली नाही, असं माझी लेक अजून सांगते.

सगळं मार्गी लागलं असं वाटत होतं. तपासण्या चांगल्या येत होत्या, केस परत आले होते. आणि मग फोन येणं थांबलं. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, जवळजवळ आठवडा. लेक म्हणाली, “आई, त्या गप्प आहेत गं. कुणाला ओरडतही नाहीत. सगळे घाबरलेत.” मी रिक्षा करून गेले. विहीणबाई मागच्या पडवीत एकट्या बसल्या होत्या, समोर निवडायला घेतलेली भाजी तशीच.

“काय झालं?” मी विचारलं.

त्यांनी माझा हात धरला आणि ब्लाउजवरूनच नव्या स्तनावर नेऊन ठेवला. बोटांखाली सुपारीएवढं काहीतरी टणक लागलं.

“परत आलंय,” त्या म्हणाल्या. इतक्या हळू त्या बोलू शकतात हे मला माहीत नव्हतं. “ह्या खेपेला तुमालापण सांगवेना.”

त्या मागच्या पडवीत मी रडले. त्या मला समजवायला लागल्या, तेव्हा कुठे त्यांचा आवाज थोडा चढला.

सुई घालून तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंतच्या दिवसांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. आम्ही दोघींनी वालाच्या शेंगांचा डोंगर सोलला, एवढंच. रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टरीण म्हणाली की कॅन्सर नाही. पोटातून आणलेल्या चरबीतल्या थोड्या भागाला रक्त पुरलं नाही, ती मरून कडक झाली, असं कधी कधी होतं. विहीणबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. मग ओरडल्या, “मेलेली चरबी? तिच्यापायी मी आठवडाभर जेवले नाय!” बाहेर बसलेल्या पेशंटांनी दारातून आत डोकावलं.

ती गाठ काढता येईल, असं डॉक्टरीण म्हणाली. शिवाय नवा स्तन दुसऱ्यापेक्षा वर बसला होता, तो थोडा खाली आणता येईल, मांडीची चरबी घेऊन खळगा भरता येईल, पोटावरच्या टाक्यांची दोन्ही टोकं बाहेर आली होती ती नीट करता येतील. घाई नाही, जिवाला धोका नाही. हवं असेल तर. विहीणबाई तिथेच म्हणाल्या, “हवं हाय.”

घरी मात्र सगळे विरोधात गेले. मुलगे म्हणाले, झालं तेवढं पुरे. व्याही म्हणजे अगदी सरळ, अबोल माणूस. त्या रात्री मीही तिथेच जेवायला होते, तेव्हा ते जेवता जेवता म्हणाले, “एवढं सोसलंस. आता ह्या वयात कोणाला दाखवायचंय?”

विहीणबाई भाकरी वाढत होत्या. त्यांनी भाकरी व्याह्यांच्या ताटात ठेवली. “मला. मला दिसतं रोज. ऑपरेशन झाल्यापासून मी अंघोळ डोळं मिटून करते, तुमाला ठाव हाय?”

कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नाही. व्याह्यांनी मान खाली घातली आणि उरलेलं जेवण तसंच संपवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहीणबाईंना न्यायला गेले, तर ते इस्त्रीचा शर्ट घालून पायरीवर उभे होते. तारीख ठरवायला आज मी येतो, म्हणाले. माझ्याकडे पाहून थोडे ओशाळले आणि पुढे म्हणाले, “तुमीपण चला, विहीणबाई. डाक्टर बोलतात ते मला समजत नाय.”

दुरुस्तीचं ऑपरेशन पहिल्यापेक्षा पुष्कळ सोपं गेलं. वॉर्डात शेजारच्या खाटेवर एक मुलगी होती, तिशीच्या आतली, कळंबोलीची. तिचं पहिलं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि तिची आई नुसती पाय चेपत होती. विहीणबाईंनी तिला बोलतं केलं. ते त्यांनी कसं केलं ते सांगता येणार नाही, कारण तिचा पगार आणि तिच्या नवऱ्याचा स्वभाव इथपासून त्यांनी सुरुवात केली. शेवटी ती मुलगी म्हणाली, “मावशी, नंतर दिसतं कसं?”

विहीणबाई मला म्हणाल्या, “पडदा ओढा आणि कोणाला आत सोडू नका.”

मी पडदा ओढला आणि पाठ करून उभी राहिले. नर्स आली, तिला मी हात करून थांबवलं. आत खाट करकरली. मग मुलीचा आवाज आला, “हात लावू?”

“टाके सोडून लाव.”

मग ती मुलगी नवल वाटल्यासारखी म्हणाली, “गरम आहे.”

“गरम नसणार तर काय? माझंच हाय ना ते.”

आत दोघी हसायला लागल्या. नर्सनेही मग घाई केली नाही.

आता या सगळ्याला बरेच महिने झाले. व्याही सांगतात, अंघोळीला गेल्यावर ती आता आतून गाते, आणि त्याचा त्रास गल्लीला होतो. दर काही महिन्यांनी तपासणी असते, तिला आम्ही तिघं जातो. या वर्षी लेकीला मुलगी झाली. आमची दोघींची मिळून ही पहिलीच नात. परवा मी त्यांच्याकडे गेले होते. दुपारची वेळ होती, लेक आत झोपली होती. विहीणबाई झोपाळ्यावर बसून नातीला डाव्या बाजूला घेऊन थोपटत होत्या. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, आणि मी चपला हातात घेऊन आत आले.

“विहीणबाई,” त्या कुजबुजल्या, “बघा जरा, झोपली का? ह्या बाजूला मला कळत नाय. डोकं टेकवलंय का नाय, तेपण नाय कळत.”

त्या जागेला स्पर्श कळणार नाही, असं डॉक्टरीण पहिल्यापासून सांगत आली होती. विहीणबाईंच्या तोंडून मात्र मी ते त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

मी वाकून पाहिलं. गाल चपटा झाला होता, तोंड थोडं उघडं होतं, आणि थोडीशी लाळ ब्लाउजवर उतरली होती.

“झोपलीय,” मी म्हटलं. “उजव्या बाजूला देऊ का? तिकडे कळेल तुम्हाला.”

त्यांनी पायाने झोपाळा थांबवला.

“नको. उठेल ती,” विहीणबाई म्हणाल्या. “तुमी बसा इथं. कशी झोपलीय ते मला सांगत राहा.”

मी त्यांच्या शेजारी झोपाळ्यावर बसले आणि हळू आवाजात सांगत राहिले.