मैलपट्टी

सभेत मैलपट्टीच्या बाजूनं सगळ्यांत आधी बोलले ते आमचे हे.

साखरखेर्ड्यात चावडीपुढं ती सभा झाली. आम्ही बायका समोरच्या ओट्यावर पदर सावरून बसलो होतो. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. आधी आमच्या भागाचे कागद नागपूरला जायचे, मग मुंबईला जायला लागले, पण चिखलीकडं जाणारा रस्ता होता तसाच राहिला. पावसाळ्यात गाराचिखल, उन्हाळ्यात फुफाटा. आता तो पक्का होणार, असं सांगायला देऊळगाव राजाहून एक पुढारी आले होते. खर्च भागवायला रस्त्यावर नाका बसणार, नाक्याचा ठेका लिलावानं जाणार, आणि भाड्याच्या गाड्यांनी जितके मैल धावतील तितक्या मैलांचे पैसे तिथं भरायचे, हीच ती मैलपट्टी. पेट्रोलवर जो कर बसतो तो वर बोलून कमी करून घेऊ, असंही ते म्हणाले. गावात भाड्याची गाडी एकच, ती आमची. त्यामुळं सगळे यांच्याकडंच बघत होते.

हे उठले. टोपी नीट केली आणि म्हणाले, "साहेब, गाडी गाऱ्यात फसली का चाक जागच्या जागी फिरते, पेट्रोल जळून राह्यते. मी एक पाऊल पुढं गेलो नाही तरी कर भरतोच. त्यापरीस मैलानं घ्या. जो रस्ता वापरते त्यानं भरावं. मले तं हे बरोबर वाटते."

टाळ्या पडल्या. पुढाऱ्यांनी यांच्या पाठीवर हात ठेवला. घरी येताना हे माझ्यापुढं चालत होते, तरी त्यांच्या चालीवरून मला कळत होतं की माणूस खुशीत आहे. जेवताना म्हणाले, "पेट्रोल सस्त झालं का मागच्या शीटा नव्या करू."

गाडी म्हणजे जीप. लढाईनंतर लष्करानं लिलावात काढलेली, दोनचार हात फिरून आमच्याकडं आलेली. हे तरुणपणी एका खाजगी मोटारीवर क्लीनर होते, मग ड्रायव्हर झाले. तो मार्ग सरकारी एसटीकडं गेला तेव्हा मालकानं मोटार विकली आणि हे रिकामे झाले. वाट्याची थोडी जमीन होती, ती थोरले दीर बघत. यांचं मन शेतात कधीच रमलं नाही. एक दिवस जालन्याकडून ही जीप घेऊन आले. वर फाटकी ताडपत्री, स्टिअरिंग डाव्या बाजूला. गाव गोळा झालं बघायला.

पेट्रोल वाचवण्यात यांचा हात धरणारा कोणी नव्हता. खिंडीचा उतार आला की इंजन बंद करायचे आणि गाडी नुसती सोडून द्यायचे. आत बसलेल्या बाया देवाचं नाव घ्यायच्या, आणि खाली ओढ्यापाशी आल्यावर हे हसून म्हणायचे, "घ्या, एवढा रस्ता फुकट." कुणी आजारी असलं तर भाडं घेत नसत. "पेट्रोल टाका, बस झालं," म्हणत. जे वाचत होतं ते त्यांच्या हाताच्या कसबानं वाचत होतं, आणि त्यातूनच ते देत होते.

मोठ्या रस्त्यापासून तीन मैल आत, नाल्याच्या काठावर, एका माळी घराचा मळा होता. त्या घरची सून आणि मी एकाच वर्षी लग्न होऊन आलो. दोघींचं माहेर लांब, दोघींची सासू कडक. लगेच जीव जुळला. मी तिला बाई म्हणायची, ती मला वैनी. मळ्यात वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, हिरव्या मिरच्या. हे सकाळी आधी मळ्यावर जायचे, टोपल्या भरायचे, मग रस्त्यावर येऊन माणसं घ्यायचे आणि चिखली गाठायचे. कधी अमडापूरचा बाजार. तिचा नवरा टोपल्यांबरोबर मागं उभा राहून जायचा. टोपल्या भरताना ती माझ्यासाठी सांबाराची जुडी पाठवायची, वर चिमूटभर माती तशीच मुळांना. मी ती वास घेऊन मगच धुवायची.

पुढं नाका बसला. नाक्यावरचा कारकून चष्मेवाला, मवाळ माणूस. दर आठवड्याला तो वाकून मीटरचा आकडा बघायचा. पहिल्याच आठवड्यात यांनी विचारलं, "येताना रिकामा आलो हो. त्याचं काय?"

"भाऊ, मीटरले भरली का रिकामी कसं समजीन?" तो म्हणाला. खोटं काहीच नव्हतं त्यात.

इंजन बंद करून उतार उतरला तरी मैल मोजला जात होता. मळ्यावर जाऊन परत रस्त्यावर येण्याचे मैल मोजले जात होते. रात्रीबेरात्री कुणाला दवाखान्यात पोचवून एकटं परतायचं, तेही. आणि पेट्रोल काही स्वस्त झालं नाही. पंपावर यांनी विचारलं तर पंपवाला हसला. म्हणजे आता दोन्हीकडून भरायचं. रस्ताही झाला नाही. नाक्याजवळ थोडी खडी पडली, त्यावर गवत उगवलं.

मला पहिल्यांदा कधी कळलं ते सांगते. एक म्हातारा दारात आला होता, नातवाला ताप होता त्याच्या. पूर्वी असं कुणी आलं की हे चपला शोधत विचारायचे, "काय होऊन राह्यलं त्याले?" त्या दिवशी यांनी विचारलं, "कोन्या वाडीचे? किती आत हाय?" म्हाताऱ्यानं सांगितलं. गेले ते, नाही असं नाही. पण तो प्रश्न मी ऐकला होता आणि त्यांनाही कळलं होतं की मी ऐकला.

मग मळ्याची पाळी आली. यांना ते बोलणं जमेना, म्हणून मलाच बरोबर नेलं. बाई वाफ्यात पाणी धरत होती. हे तिच्या नवऱ्याशी बोलायला विहिरीकडं गेले आणि मी तिला म्हणाले, "बाई, उद्यापासून टोपल्या रस्त्यापर्यंत आणता का? गाडी आतमध्ये येणं परवडत नाही आता."

तिला आधी समजलंच नाही. "काऊन वो वैनी? नाला वलांडता येत नाही का?"

"नाला नाही. मैल मोजतात."

ती कुदळीवर हात ठेवून उभी राहिली. "मंग आमी काय बैल घ्यावं म्हनता?" असं म्हणून हसली. बैलांची जोडी त्यांच्याकडं एकच होती आणि ती मोटेवर चालायची. मोट थांबवून बैल गाडीला जुंपले तर मळा वाळायचा. हे मला ठाऊक होतं. तिला ठाऊक होतं की मला ठाऊक आहे.

त्यानंतर ती आणि तिचा नवरा डोक्यावर टोपल्या घेऊन पहाटे निघायचे. तीन मैल. उन्हाळा लागला तशी मेथी रस्त्यावर येईपर्यंत माना टाकायची. चिखलीच्या बाजारात माळव्याला भाव ताजेपणाचा. कोमेजलेली जुडी कोण घेतं? मी एकदा रस्त्यावर उभी होते तेव्हा ती आली. टोपली उतरवायला मी हात दिला. तिच्या डोक्यावरची चुंबळ घामानं ओली झाली होती आणि मानेची शीर उडत होती. ती म्हणाली, "वांगे बरे. वांगे तरी टिकतात."

पुढच्या सालापासून त्यांनी माळवं बंद केलं आणि ज्वारी पेरली. पाण्याच्या जमिनीत ज्वारी! पण तेवढ्याशा तुकड्यावर ज्वारीनं घर कुठं चालतं? जालन्याला तिच्या दिराचा भाजीचा ठेला होता. तिकडं जायचं ठरलं. जमीन सासऱ्याच्या भावाकडं दिली.

निघायच्या दिवशी ते पायी रस्त्यावर आले. डोक्यावर बोचकी, पोरगं कडेवर, हातात एक पितळी घागर. हे जीप घेऊन तिथंच माणसांची वाट बघत उभे होते, मीही होते. यांनी मागची फळी पाडली. "बसा. देऊळगावपर्यंत सोडतो, तिथून एसटी भेटीन."

तिचा नवरा पुढं झाला होता. तिनं त्याचा सदरा धरला. "राहू द्या भाऊजी. तुमचे मैल वाढतीन."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं. ती खरंच आमची काळजी करत होती. हे म्हणाले, "असं काय बोलता वो? बसा ना." पण ती चालायला लागली होती. मी तिच्या मागं थोडी गेले. तिनं मला थांबवलं, माझ्या हाताला हात लावला आणि पोराला म्हणाली, "मावशीले टाटा कर." मग ते वळणापलीकडं गेले. हे फळी तशीच पाडलेली ठेवून कितीतरी वेळ उभे होते. माणसं आली, बसली, तरी गाडी सुरू करेनात. शेवटी कुणीतरी म्हणालं, "चाला ना भाऊ, बाजार उठीन."

तिला मी त्यानंतर पाहिलं नाही. एकदा जालन्याला गेले होते तेव्हा भाजीबाजारात विचारत फिरले. ठेलेवाले खूप. नाव सांगितलं तर कुणी ओळखेना.

त्याच पावसाळ्यात एका खड्ड्यात जीप आदळली आणि मीटर बंद पडलं. काटा हलेना. हे कुणी न विचारता स्वतः नाक्यावर गेले, सांगायला. कारकुनानं खाली वाकून पाहिलं, म्हणाला, "हाव, वायर तुटली दिसते." पण ठेकेदार तिथंच खाटेवर बसला होता. तो म्हणाला, "मीटर बंद म्हंजे चोरी. तोडणारेच सांगाले येतात आधी." आणि त्यानं दिवसाला जास्तीत जास्त जितके मैल होतील तितके धरून मागच्या सगळ्या दिवसांची पट्टी मागितली. भरेपर्यंत गाडी नाक्यावर.

हे बुलढाण्याला कचेरीत गेले. या टेबलावरून त्या टेबलावर. कुणी म्हणालं हे आमच्याकडं येत नाही, ठेका दिला आहे. मग देऊळगाव राजाला त्या पुढाऱ्यांकडं गेले. मीही बरोबर होते, बाहेर पायरीवर बसले. आतून आवाज येत होता. पुढारी चिडले नव्हते, उलट चहा सांगितला. म्हणाले, "अहो, सभेत तुम्हीच तर म्हणाला होता बरोबर आहे म्हणून. तुम्ही बोललात म्हणून गावानं मान्य केलं. आता मी काय बोलू?"

हे बाहेर आले. बालाजीच्या देवळावरून गेलो तर मी म्हणाले, दर्शन घेऊ. "तू घे," म्हणाले आणि बाहेरच थांबले.

जीप नाक्याच्या बाजूला लिंबाखाली उभी राहिली. सुरुवातीला हे रोज जायचे. काच पुसायचे, ताडपत्रीवरचा पाला काढायचे, बॉनेट उघडून बघायचे आणि परत यायचे. कारकून त्यांना पाणी द्यायचा. मग एक दिवस बॅटरी नव्हती. कुणी नेली ते कारकुनानं सांगितलं नाही, बिचारा मान खाली घालून बसला. पुढं मागचे टायर गेले. त्यानंतर हे जायचे बंद झाले.

ठेक्याची मुदत संपली तेव्हा नवा लिलाव झालाच नाही. वसुलीच होत नव्हती, गाड्याच उरल्या नव्हत्या. नाका उठला, आडवा बांबू कुणीतरी घराला वासा म्हणून नेला. आमची पट्टी माफ झाली का कायम राहिली ते कुणी कळवलं नाही. जीपमध्ये तोवर शेळ्या बसत होत्या. जालन्याचा भंगारवाला आला, यांनी किंमतही केली नाही. त्यानं दिलं ते मी घेतलं. काही वर्षांनी चिखलीच्या रस्त्यावर एसटी सुरू झाली. ती मोठ्या रस्त्यानंच जाते. आतल्या वाड्यांची माणसं अजून चालतच येतात.

हे दिरांच्या शेतात जायला लागले. सांगितलं ते काम करायचे. दीर चांगले होते, टोचून बोलले नाहीत. पण घरात यांचा शब्द कमी होत गेला आणि मग संपलाच. मी भांडून पाहिलं. रडून पाहिलं. एकदा मी म्हणाले, "अहो, तुमचं काय चुकलं? तुम्हाले वाटलं ते बोलले तुम्ही." त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "मले नको सांगू." बस.

आमची मुलगी अमडापूरला दिली होती. तिच्या पहिल्या पोराचं बारसं होतं. मी नवं लुगडं नेसले, यांचा सदरा धुऊन ठेवला होता. म्हणाले, "तू जा."

"नातवाचं बारसं हाय, लोक काय म्हणतीन?"

"तू जा."

मी चहा करून झाकून ठेवला आणि एकटीच एसटीत बसले. बारसं चांगलं झालं. सगळ्यांनी यांच्याबद्दल विचारलं, मी कंबर दुखते म्हणून सांगितलं. दिवस मावळायच्या आत परतले. हे सकाळी होते तसेच बाजेवर पडलेले, तोंड भिंतीकडं. चहा तसाच, वर साय धरलेली. मी पिशवीतून घुगऱ्या काढल्या, त्यांच्यापुढं धरल्या, पोराचं नाव काय ठेवलं ते सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्यांनी ते ऐकलं होतं का नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही.