बोटीवर कुणीतरी हवं म्हणून

पाण्यावर दोन डोकी वर आली तेव्हा बोट त्यांना सोडून निघाली होती आणि बोटीवर मी एकटी होते. एक डोकं माझ्या मुलीचं, दुसरं जावयाचं. पाठीला हवेचे सिलिंडर बांधून दोघं समुद्राच्या तळाशी शेवाळ बघायला गेली होती. ती खाली असताना नांगर सुटला. बेट मागे मागे जाताना मी बसल्या जागेवरून बघितलं आणि आधी वाटलं, मलाच चक्कर येतेय.

मुलगी ओरडत होती. वाऱ्यात एकच शब्द कळत होता, "आई!" त्याचा काय उपयोग? आई म्हणून हाक मारली की बोट थांबते का? ती कशी सुरू करायची ते मला कुणी दाखवलं नव्हतं. मी विचारलं होतं. एकदा नाही, दोनदा.

लोक म्हणतात, थोडक्यात निभावलं, आणि जेवायला बसतात. मला तसं म्हणवत नाही, म्हणून हे लिहितेय.

मुलगी-जावई परदेशात, पोरिरुआ नावाच्या समुद्राकाठच्या गावी राहतात आणि मी त्यांच्याकडे असते. दोघंही इंजिनियर. मी चौथीपर्यंत शिकले. पोरिरुआपासून पुढे समुद्रात एक बेट आहे आणि त्याच्या कडेने पाण्याखाली केल्प नावाचं शेवाळ वाढतं. शेवाळ म्हटलं की आपल्याला विहिरीच्या पायरीवरचं आठवतं. हे तसलं नाही. तळापासून झाडासारखं सरळ वर येतं, त्याचे पट्टे चामड्यासारखे जाड आणि पाण्यावर येऊन लोळतात. त्या रानात शिरून मासे बघायचे, ही या दोघांची हौस. हौस करावी, माझं काही म्हणणं नाही.

पंधरवडाभर स्वयंपाकघरातल्या टेबलावर तेच चाललं होतं. मी पोळ्या लाटायची आणि ही दोघं लॅपटॉपवर वारा बघायची. भरती कधी, ओहोटी कधी, बेटाची आडोशाची बाजू कुठली, पाणी किती गार, कॅमेरा कुठला न्यायचा. डब्यात पराठे की सँडविच यावरून चांगलं भांडण झालं. बोट जावयाच्या ऑफिसातल्या एकाची होती आणि तोच वर थांबणार होता. दोघं पाण्यात गेली की बोटीवर एक माणूस राहिलाच पाहिजे, असं यांना शिकवताना बजावलेलं होतं. आदल्या संध्याकाळी त्याचा फोन आला. पाठ धरली म्हणे. तुम्ही जा बोट घेऊन.

जावयाने फोन ठेवला. मुलीने माझ्याकडे बघितलं. मग त्यानेही.

"आई आहे की," मुलगी म्हणाली.

"आहे म्हणजे?"

"बोटीवर थांबायला. तुलाही बदल होईल. घरात बसून कंटाळतेस."

"कंटाळते असं मी कधी म्हटलं?"

"आई, तुम्हाला काहीच करायचं नाहीये," जावई म्हणाला. "नुसतं बसायचं. व्ह्यू काय आहे तिथला!"

"नुसतं बसायला मी कशाला? तांदळाची गोणी ठेवा. ती ओकणार पण नाही."

दोघं हसली. नात टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "बट आजी कान्ट स्विम."

"तिला कुठे पोहायचंय? ती बोटीत असणार," तिच्या आईने सांगितलं.

"मग बोट चालवायची कशी ते दाखवा," मी म्हटलं. "आणि तो वायरलेस."

"स्वीट ॲज, आई. उद्या दाखवतो."

स्वीट ॲज म्हणजे इकडे झालंच म्हणून समजायचं. नातीला मैत्रिणीकडे सोडलं, धक्क्यावर बोट पाण्यात घातली, आणि मी पुन्हा विचारलं. "आई, आत्ता नको ना," मुलगी खेकसली. "भरतीचं पाणी थांबलंय तेवढ्यात उतरायचंय." मग लहान पोराला बांधतात तसं मला नारिंगी जाकिटात आवळून बांधलं आणि माझा फोटो काढला. त्याला मात्र वेळ होता.

बेटाशी गेल्यावर जावयाने नांगर टाकला, दोर ओढून बघितला, "पक्का बसला" म्हणाला. दोघं पाठमोरी पाण्यात पडली. थोडा वेळ बुडबुडे दिसले, मग तेही दिसेनात.

नांगर जमिनीत रुतलाच नव्हता. शेवाळात अडकला होता. वारा वाढला तसं शेवाळ उपटून आलं आणि आम्ही निघालो, म्हणजे बोट आणि मी.

वर आल्याबरोबर जावई माझ्या दिशेने पोहायला लागला, मुलीला तिथेच सोडून. नंतर त्याचं म्हणणं असं, की बोट गाठली असती तर सगळाच प्रश्न मिटला असता. बोट काही त्याला गाठता आली नाही. मुलगी मागे शेवाळाचा पट्टा धरून राहिली. त्या शेवाळाची तपकिरी टोकं गोल वर येतात आणि खाली जातात, आणि हिच्या डोक्यावर काळी टोपी. डोकं कुठलं आणि शेवाळ कुठलं, काही कळेना. लांबून दिसावं म्हणून पाण्यात फुगवायची एक नारिंगी नळी असते. ती माझ्या पायाशी पडली होती. कॅमेरा मात्र आठवणीने बरोबर गेला होता.

सकाळी धक्क्यावर जावई वायरलेसवर बोलला होता. बोलताना बाजूचा खटका दाबत होता. तेवढं मी बघून ठेवलं होतं. मी तो बोलायचा भाग उचलला, खटका दाबला आणि म्हटलं, "किआ ओरा." इथे कुणाशीही बोलायचं तर आधी तेच म्हणतात. मग म्हटलं, "हेल्प. बोट गोइंग. टू पीपल इन वॉटर." उत्तर येईना. मी मराठीत शिव्या दिल्या. मग लक्षात आलं, खटका अजून दाबूनच धरलाय. सोडला तसा एका बाईचा आवाज आला. कुठे आहात, विचारत होती.

"आयलंड. नियर आयलंड."

बोट कोण चालवतंय?

"नोबडी."

तुम्ही कोण?

"मदर," मी म्हटलं.

तिने आसपासच्या सगळ्यांना सांगितलं असणार. मासे पकडणारी एक बोट वळली. त्यात दाढीवाला दांडगा माणूस आणि त्याची बायको. आला तो सरळ माझ्याकडे. साहजिक आहे, नारिंगी जाकिटातली म्हातारीच आधी दिसणार.

"यू ओके, लव्ह?"

"नॉट मी! डॉटर! गो! गो!"

तो म्हणे आधी दोर टाकतो. मी त्याच्यावर अशी ओरडले की बायकोनेच त्याच्या पाठीत गुद्दा घातला. मी हात लांब करून मुलीची जागा दाखवत राहिले. तिथली नजर काढली नाही. काढली असती तर ती जागा पुन्हा सापडली नसती. त्यांनी वाटेत जावयाला वर ओढलं आणि शेवाळाकडे गेले. त्यांची बोट आडवी आली, मला काही दिसेना. मग त्या दोघांनी मिळून काहीतरी काळं वर घेतलं. ते हलत नव्हतं. मग ते बोटीच्या काठावर वाकलं आणि भडाभडा ओकलं. तेव्हा मी खाली बसले.

मग ते माझ्याकडे वळले. मुलगी माझ्या बोटीवर आली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. "आई, तू बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय?" थोबाडीत द्यावीशी वाटली. टॉवेल दिला.

पुढच्या शनिवारी यांची मित्रमंडळी जेवायला आली. जावयाने माझ्या किआ ओराची नक्कल केली, सगळे पोट धरून हसले. मग तो गंभीर होऊन म्हणाला, "आई होत्या म्हणून वाचलो."

मी वाढता वाढता थांबले. "मी होते म्हणून नाही," मी म्हटलं. "तुम्ही न दाखवता मी खटका बघून ठेवला म्हणून. मी सकाळी तिकडे पाठ करून बसले असते तर?"

मुलगी आमटी वाढायला उठली.

आता पुन्हा टेबलावर वारा बघणं सुरू झालंय. बोटीवर थांबायला माणूस मिळालाय म्हणतात. मिळो.

त्या दिवशी त्या बोटीतून तीन माणसं गेली होती. जावई वाचला, मुलगी वाचली, मी वाचले.