तात्यांचं शब्दकोडं आणि माझं विलायती मीठ

मंडळी, वाचनालयाच्या फळ्यावर हे लावतोय, कारण माझ्यावर रोज घोर अन्याय होतो. शेजारचे तात्या माझा पेपर माझ्याआधी उघडून शब्दकोडं सोडवतात. गेल्या आठवड्यात चिडून मी त्यांची पेन्सिलच लपवली, तर म्हातारा कोळशाने सोडवू लागला!

आज कोडं कोरं होतं. मी खूश. तेवढ्यात तात्यांच्या घरून काकू धावत आल्या. "भाऊजी, ह्यांचं डोळंच उघडंनात. जीभ बी जड झालीय."

"पोट साफ झालं की माणूस सुस्तावतोच, काकू," मी ऐटीत म्हणालो. चार दिवस तात्यांना जुलाबाचं विलायती मीठ पाजणारा वैद्य मीच. त्यांचं मूत्रपिंड अधू आहे, हेही मला ठाऊक होतं; पण मिठाशी त्याचा संबंध कुठे कळला होता!

"तुमची वैदकी ऱ्हाऊ द्या, आधी टांगा आना!"

शेवगावच्या दवाखान्यात काकूंनी मिठाची पुडी दाखवली. डॉक्टरांनी तात्यांच्या गुडघ्यावर हातोडी मारली. पाय हलला नाही. "मिठातलं मॅग्नेशियम रक्तात साठलंय. अधू मूत्रपिंडाला ते बाहेर टाकता येत नाही. आणखी उशीर झाला असता तर श्वास थांबला असता. कुणी दिलं हे?"

मी काकूंच्या मागे सरकलो. काकूच म्हणाल्या, "घरातलंच मानूस हाय, सायेब."

शिरेतून सावकाश कॅल्शियमचं इंजेक्शन दिल्यावर तात्यांनी डोळे उघडले. श्वासावर अजून नजर ठेवावी लागणार आहे.

तुमच्यापैकी किती जण असे डॉक्टर होऊन फिरता? मी आजपासून सोडलं.

निघताना लपवलेली पेन्सिल टोक काढून, कोऱ्या कोड्यासकट तात्यांच्या उशाशी ठेवली.