सातव्या गाण्याची जागा

भिकनच्या बायकोचा, निर्मलावहिनींचा फोन आला तेव्हा मी म्हसावदच्या घरी ओट्यावर बसून पाण्याच्या पाळीवरून शेजाऱ्याशी वाद घालत होतो. वाद जिंकत आलो होतो, म्हणून दोनदा वाजलेला फोन उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला. "भाऊ, त्या गयात..." एवढंच त्या म्हणाल्या. मागून अक्कलकुव्याच्या स्टँडवरचे आवाज येत होते, म्हणजे माझा मित्र भिकन दुकानातच वारला होता. दुपारचा चहा सांगितला, खुर्चीत मागे रेलला आणि चहा येईपर्यंत संपलं सगळं. आता महिना होऊन गेला, तेव्हा लिहून टाकतो. ती बातमी ऐकून माझ्या मनात सगळ्यात आधी दुःख आलं नाही. आधी सुटल्यासारखं वाटलं. आता मला 'सापडनं का रे मास्तर?' असं विचारणारं कोणी उरलं नव्हतं. त्या सुटकेची लाज मला अजून पुरते आहे.

भिकन आणि मी म्हसावदच्या एकाच गल्लीतले, एकाच बाकावरचे. मी शिकून मास्तर झालो आणि इंग्रजी शिकवायला अक्कलकुव्याला लागलो. भिकनने शेती धाकट्या भावावर टाकली आणि माझ्या मागोमाग तिथेच मोबाइलचं दुकान थाटलं. दुकान म्हणजे स्टँडसमोरची एक लांबट फट. तीत तो, एक जुना कॉम्प्युटर, कुरकुरणारा पंखा आणि माझ्यासाठी राखीव स्टूल. तेव्हा लोकांकडे नेट नव्हतं. डोंगरातली माणसं बाजाराच्या दिवशी जीपने उतरायची, मीठ-मिरची घ्यायची आणि जाताना भिकनकडून मेमरी कार्डात गाणी भरून न्यायची. लग्नाची, देवाची, नाचाची, जे मागाल ते. मात्र न मागता तो प्रत्येक कार्डात आणखी एक फोल्डर गुपचूप सरकवून द्यायचा. त्याचं नाव 'डांबर'. आठवड्याने एखादा खेडूत तणतणत यायचा, "भाऊ, तुन्हा कार्डमा खराबी शे. मझारच कोन्ही तरी वरडस!" भिकन शांतपणे सांगायचा, "खराबी नही भाऊ, त्या मोलगीकडना पोरे शेतस."

तर ही मोलगीकडची पोरं. वरच्या पाड्यांतून वसतिगृहात शिकायला आलेली चौघं, आणि त्यांच्यातला गाणारा रायसिंग. एका बँडवाल्याने टाकून दिलेला कीबोर्ड, चारच तारा उरलेलं गिटार आणि एका बाजूने फाटलेला ड्रम, एवढ्या भांडवलावर त्यांनी बँड काढला. "आमच्या पाड्यापर्यंत डांबर येत नाही सर, म्हणून आम्हीच डांबर," असं रायसिंगने मला नाव समजावून सांगितलं होतं. त्यांचं गाणं दीड मिनिटात संपायचं. लग्नात त्यांना दुसऱ्यांदा कोणी बोलावलं नाही, कारण नाचायला गोल धरेपर्यंत गाणं आटोपलेलं असायचं. कॉलेजातल्या कोणीतरी त्यांना सांगितलं की याला पंक म्हणतात. भिकनने लगेच मला विचारलं, "मास्तर, पंक म्हंजे काय रे?" मी शब्दकोश उघडला. त्यात 'निकामी, सडकं लाकूड' असाही एक अर्थ होता, तो वाचून दाखवला. भिकनला फार आवडला. "मंग बरोबर शे," म्हणाला.

मला स्वतःला तो गोंगाट बिलकुल सोसायचा नाही. पण रोज संध्याकाळी त्या स्टुलावर बसून ऐकता ऐकता कधी मी त्यांचा झालो, कळलंच नाही. डांबरचा अल्बम असा कधी निघाला नाही. कोण काढणार? जे काही आहे ते भिकनने जमवलेलं. कोणाच्या फोनवर कोणी कुठे रेकॉर्ड केलेली गाणी गोळा करून त्याने तीन संकलनं केली. पहिलं 'डांबर : निवडक'. त्यात उत्साह फार आणि क्रम चुकलेला. जीपच्या टपावर बसून जाणाऱ्यांचं गाणं, जे शेवटी हवं, ते त्याने सुरुवातीलाच उधळून टाकलंय. दुसरं 'डांबर : पुन्हा निवडक'. माझ्या मते हे सर्वात सरस. यात तेच जीपचं गाणं वसतिगृहाच्या गच्चीवरचं आहे आणि बरोबर मधोमध खालच्या स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी होते. भिकन म्हणायचा, ती शिट्टी पाचवा वाजवणारा आहे. तिसरं 'डांबर : उरलेलं'. नावाप्रमाणेच खरवड, पण खरवड ज्याला आवडते त्याला आवडते. वसतिगृहातल्या पाणचट वरणावरचं अठ्ठावीस सेकंदांचं गाणं फक्त इथेच सापडतं. प्रत्येक संकलनाचा क्रम लावायला तो महिना-महिना घ्यायचा. कार्डाच्या इवल्या डबीवर स्केचपेनने चित्र काढायचा, त्यात रस्ता असायचा आणि तो नेहमी अर्ध्यात तुटलेला. मी त्याला चिडवायचो, की अरे, ज्यांचं एक गाणं कोणी मागत नाही त्यांची तीन-तीन संकलनं? तो हसायचा आणि म्हणायचा, "चौथं बी काढसू. संपूर्ण."

त्या संपूर्णमध्ये एक गाणं कमी होतं, आणि ते माझ्याकडे होतं.

होळीच्या आधी मोलगीला भोंगऱ्या बाजार भरतो. त्या वर्षी पोरांनी तिथे वाजवायचं ठरवलं. भिकनला दुकान सोडणं शक्य नव्हतं, कार्ड भरणाऱ्यांची वर्षातली सर्वात मोठी गर्दी त्याच दिवसांत. मला परीक्षेच्या कामाने मोलगीला जायचंच होतं. "फोन आडवा धर. हात हालाडू नको. अन् मधमा बोलू नको," अशा तीन सूचना घेऊन मी गेलो. बाजाराच्या कडेला, जीपा उभ्या असतात तिथे मागे पोरं वाजवत होती. पलीकडे ढोल इतका घुमत होता की यांच्याकडे पंधरा-वीस माणसंही नसतील. शेवटी रायसिंगने गिटार खाली ठेवलं आणि एक गाणं हळू म्हटलं. डांबरने हळू म्हटलेलं ते एकच गाणं. त्याच्या घरच्या बोलीत होतं, मला शब्द कळत नव्हते. कामाला गुजरातेत गेलेल्यांची नावं घेतोय, एवढं शेजारच्याने सांगितलं. गाणं संपल्यावर रायसिंग मटकन खाली बसला. बास. मला विचाराल तर चालसुद्धा सांगता येणार नाही. मी गाणं ऐकलंच नाही... फोनवरचा रेकॉर्डिंगचा लाल ठिपका चालू आहे ना, तेवढाच बघत होतो.

दोन महिन्यांत बँड मोडला. दोघं ऊसतोडीला गेले, एकाने सुरत गाठली. रायसिंग कुठेतरी पहारेकरी म्हणून लागला. मध्ये एकदा तो दुकानात आला तेव्हा भिकनने त्याला ते गाणं परत म्हणायला सांगितलं. तो ओशाळून म्हणाला, "ते तिथंच केलं होतं भाऊ. आता नाही येत." भिकन माझ्याकडे वळून समाधानाने हसला, कारण ते मास्तरकडे होतं. मास्तर फोन घरीच विसरत होते, आज आणतो, उद्या आणतो करत होते.

आणि मग माझा सेवापूर्ती समारंभ आला. शाल, श्रीफळ, मुख्याध्यापकांचे गोड शब्द. माझं भाषण माझ्याच फोनवर रेकॉर्ड करायला एक सहकारी पुढे झाले आणि म्हणाले, सर, जागा नाही फोनमध्ये. मी व्यासपीठावरूनच हात लांबवला, फोन घेतला आणि जे मोठं दिसलं ते पुसून टाकलं. त्यात मोलगी गेली. भाषण अठ्ठेचाळीस मिनिटं झालं. त्यात मी विद्यार्थ्यांना आपल्या मातीतला आवाज जपायला सांगितलं आहे. ते भाषण माझ्या बायकोनेही आजवर पाहिलेलं नाही.

काय पुसलं ते मला घरी येऊन त्याच संध्याकाळी कळलं. सकाळी भिकनला सांगायचं ठरवलं, पण सकाळी त्याच्या तोंडाकडे पाहून म्हणालो, "फोन पुतण्याकडे गेलाय, पुण्याला. मागवतो." पंधरा दिवसांनी स्टुलावर बसलो असताना एक माणूस रडवेला होऊन आला. लेकीच्या लग्नाचे फोटो चुकून पुसले गेले होते. भिकनने फोन कॉम्प्युटरला जोडला आणि तासाभरात सगळे परत काढून दिले. मला सहज म्हणाला, "पुसाई गयं तरी लगेच जात नही, मास्तर. वर दुसरं भरतस नही तवलोंग मझारच ऱ्हास." म्हणजे वर दुसरं काही भरेपर्यंत पुसलेलंही आतच राहतं. मी चहा घेतला, कप ठेवला, घरी गेलो. माझं अठ्ठेचाळीस मिनिटांचं भाषण त्या गाण्याच्या उरावर बसलेलं होतं. तरी त्या दिवशीही बोललो असतो तर भिकनने निदान खटपट केली असती. मी तो फोन बदलून नवा घेतला आणि जुना फोन, भाषण नव्यात काढून घेऊन, दुसऱ्याच एका दुकानदाराला देऊन टाकला.

त्यानंतरची वर्षं 'सापडनं का?' या एका प्रश्नाची. मी निवृत्त होऊन म्हसावदला परतलो, तरी महिन्यातून एकदा अक्कलकुव्याला जायचो. गाणी भरून घेणारे संपले होते. ज्याच्या-त्याच्या फोनात नेट आलं आणि भिकनचं दुकान काचा नि कव्हरं विकण्यापुरतं उरलं. त्याची तब्येतही ढासळत गेली, जिना चढताना थांबायला लागला. शेवटच्या भेटीत त्याने नेहमीचं विचारलं, मी नेहमीचं सांगितलं. मग थोडं थांबून म्हणाला, "कितलं मोठं व्हतं रे ते?" मी म्हटलं, असेल अडीच मिनिटं. त्याने कव्हराच्या खोक्यावर पेनने काहीतरी टिपून ठेवलं. मला वाटलं, सांगावं. अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात माझी बस लागली, आणि खोटं कशाला बोलू, बस लागली म्हणून मला बरं वाटलं.

दशक्रियेच्या दिवशी वहिनींनी माझ्या हातात कार्डाची डबी ठेवली. "हाई तुमनं शे. त्यासनी नाव टाकेल शे वर." वर स्केचपेनने लिहिलं होतं, 'डांबर : संपूर्ण', आणि खाली बारीक अक्षरात 'मास्तरले देणे'. चित्रातला रस्ता याही वेळी अर्ध्यातच तुटलेला. माझ्या नव्या फोनला कार्डाची खाचच नाही. डबी तीन आठवडे कपाटात पडून होती. मग बायको सकाळी भजनं लावते त्या छोट्या लाल स्पीकरला मागे खाच आहे, हे लक्षात आलं.

क्रम अखेर त्याला साधला होता. वरणाचं गाणं सुरुवातीला, जीपचं शेवटी ठेवलेलं, कुकरच्या शिट्टीसकट. सहावं संपलं आणि सातव्याला काहीच सुरू होईना. मी स्पीकर हातात घेऊन हलवला. तेव्हा ऐकू आला तो पंखा. कुरकुरणारा, दुकानातला. सातव्या गाण्याचा नंबर चुकू नये म्हणून भिकनने अडीच मिनिटं नुसतं दुकान रेकॉर्ड करून ठेवलं होतं. खोकला, खुर्चीचा आवाज, स्टँडवरून सुटणारी बस. त्याचा श्वास, जरा धाप लागलेला. मधेच कोणी गिऱ्हाईक कव्हर मागतं आणि भिकन हळू आवाजात त्याला म्हणतो, "थांब भाऊ जरा. मास्तरनं गाणं चालू शे."

त्याला कळलं होतं का? की त्याला खरंच वाटत होतं, मास्तर आज ना उद्या आणतील? मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. दोन्हीकडून सारखंच टोचतं. त्या दिवशी मी फोन काढला आणि ते अठ्ठेचाळीस मिनिटांचं भाषण पुसून टाकलं. फोनने सांगितलं की आता भरपूर जागा मोकळी आहे. मी त्या जागेकडे बघत बसलो.

परवा वहिनींचा फोन आला. मुलगा दुकान रिकामं करून देतोय, तिथे रसाचं दुकान येणार आहे. कॉम्प्युटर भंगारात गेला. पोरांचे फोन नंबर भिकनच्या वहीत होते, एकही लागत नाही. बोलता बोलता वहिनी थांबल्या. "भाऊ, ते गाणं सापडनं का? सापडनं तर माले बी ऐकाडा. त्या शेवटलोंग वाट देखेत." त्यांच्या घरी वर्तमानपत्राची ही पुरवणी येत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर इथे एवढं लिहू शकलो. त्यांना मात्र मी सांगितलं, "शोधी ऱ्हायनू, वहिनी."

संध्याकाळी ओट्यावर मी लाल स्पीकर लावतो. शेजारी विचारतो, हे काय लावलंय, बिघडलाय का? पहिली सहा गाणी आरडाओरड्यात भर्रकन जातात. मग पंखा सुरू होतो. भिकन गिऱ्हाइकाला थांबायला सांगतो, आणि ते बिचारं थांबतं. मीही थांबतो. अडीच मिनिटं होतात आणि आठवं गाणं सुरू होतं.